नको म्हणणाऱ्याचं नाव

गोपाळकृष्ण उकिडवे ‘प्रतिक्रांतिकारक’ हा शब्द बोलला तेव्हा त्याची धाकटी बहीण रजनी रिकाम्या कपबशा गोळा करत होती. तिचा हात एका बशीवर थांबला आणि ती बशी तिनं मग उचललीच नाही. लोणावळ्याच्या बाजारामागच्या त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी एकदा त्र्यंबककडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, चिखलात घसरून पडलेल्या माणसाकडे पाहून घेतात तशी. बाहेर भाद्रपदातला पाऊस पत्र्यावर कंटाळल्यासारखा पडत होता. त्र्यंबकला पहिल्यांदा राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. पहिल्यांदा त्याच्या मनात एवढंच आलं, की शब्द चुकीचा वापरला. शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाची ही खोड. कोणी त्याच्या पाठीत सुरी खुपसली असती तरी त्यानं आधी ‘खुपसली’ की ‘भोसकली’ याचा विचार केला असता. मग हळूहळू, थंड पाणी बनियनमधून आत झिरपावं तसं, त्याच्या लक्षात आलं की हा शब्द आपल्याला उद्देशून होता.

कारण तसं साधं होतं. तो बेचाळीसचा सप्टेंबर होता. मोठे पुढारी तुरुंगात गेल्याला महिना उलटला होता आणि गोपाळकृष्णाच्या अभ्यासमंडळातल्या सगळ्यांना नुसतं वाचत बसण्याची लाज वाटू लागली होती. येत्या गुरुवारी दिवेलागणीला, धुक्याचा फायदा घेऊन, मळवलीच्या बाजूच्या वळणावर रूळ सैल करायचा आणि लष्कराच्या सामानाची मालगाडी पाडायची, असा बेत गोपाळकृष्णानं मांडला होता. रेल्वेच्या यार्डात काम करणारा हौशीराम रूळ खोलायचे पाने आणि पहारी आणणार होता. तो औंढ्याचा, विशीतला, हसताना तोंडावर हात धरणारा पोरगा. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्र्यंबक तेवढा म्हणाला, “पुण्याची पॅसेंजर त्याच सुमाराला येते. मालगाडी आधी येईल कशावरून?”

“येते आधी,” गोपाळकृष्ण म्हणाला.

“गेल्या आठवड्यात नव्हती आली. आणि रुळांवर औंढ्याची माणसं पहाऱ्याला आहेत. सरकारनं सक्तीनं उभी केलेली. उद्या काही झालं तर पहिल्यांदा त्यांना धरतील. हौशीरामचा मामा अंबाजीसुद्धा त्यात आहे.”

हौशीरामनं मान खाली घातली. गोपाळकृष्णाचा आवाज चढला. “मग काय करायचं म्हणतोस? पत्रकं वाटायची आणि घरी येऊन चहा प्यायचा?”

“चहा आपण आत्ताही पितोच आहोत,” त्र्यंबक म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता. पण कोपऱ्यातून कोणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू गोपाळकृष्णाच्या चेहऱ्यावर चापटीसारखं उमटलेलं त्र्यंबकनं पाहिलं. कॉलेजात असल्यापासून तो त्याला ओळखत होता. मार खाल्ला तरी चालेल, पण कोणी हसलेलं या माणसाला सोसत नसे. त्याच क्षणी गोपाळकृष्ण उभा राहिला, त्याच्याकडे बोट केलं, आणि तो शब्द म्हणाला. सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून. जणू तो शब्द आजवर या माणसाचीच वाट बघत होता.

छत्री विसरून त्र्यंबक बाहेर पडला. वलवणच्या रस्त्याला त्याची भाड्याची खोली होती. तिकडे चालताना ओल्या बांबूंचा आणि कोळशाच्या धुराचा वास येत होता, आणि त्याला बेडशाची लेणी आठवत होती. कारण तो शब्द त्यानंच केला होता. मे महिन्यात तिघं, तो, गोपाळकृष्ण आणि रजनी, बेडशाला गेले होते. गोपाळकृष्ण रशियातल्या क्रांतीवरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करत होता आणि एका शब्दापाशी अडला होता. चढून आल्यावर लेण्याच्या ओसरीत, त्या प्रचंड खांबांच्या गारव्यात, रजनीनं चप्पल काढून पाय दगडावर टेकवले होते. तिच्या घोट्यांवर लाल धूळ होती. त्र्यंबकनं शब्द सुचवायचे आणि गोपाळकृष्णानं नाकारायचे, असं बराच वेळ चाललं. क्रांतिविरोधी फार सौम्य. क्रांतिद्रोही म्हणजे शिवी झाली. प्रतिगामी म्हणजे नुसता मागं जाणारा, त्यात करणं नाही. मग त्र्यंबक म्हणाला होता, प्रतिक्रांतिकारक. रजनीनं तो शब्द लेण्याच्या आत तोंड करून मोठ्यानं म्हणून पाहिला. आतून तो घुमून, अर्धा तुटून परत आला, आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

“पण म्हणजे नक्की कोण?” तिनं डोळे पुसत विचारलं होतं.

तेव्हा तो किती खुशीत होता. वर्गात कधी बोलत नसे इतका तो बोलला होता. प्रति म्हणजे विरुद्ध, तो म्हणाला होता, पण नुसतं विरुद्ध नव्हे. प्रति म्हणजे कडे, प्रति म्हणजे दर, प्रति म्हणजे तसंच दुसरं. प्रतिबिंब काही बिंबाचं वैरी नसतं. तेव्हा प्रतिक्रांती म्हणजे क्रांतीला नको म्हणणं नव्हे. क्रांतीसारखाच उलटा उठाव. गेलेलं सिंहासन परत आणण्यासाठी जो उठतो, हत्यार घेतो, माणसं जमवतो, तो प्रतिक्रांतिकारक. गोपाळकृष्णानं मान डोलावली होती. “आणि जो नुसता नको म्हणतो त्याला काय म्हणायचं?” रजनीनं विचारलं. “त्याला अजून शब्द नाही,” त्र्यंबक म्हणाला होता, आणि तिच्याकडे पाहायचं टाळून समोरच्या खांबावरच्या घोड्यांकडे पाहत राहिला होता. उतरताना एका ठिकाणी तिनं त्याचा हात धरला. वाट खरोखरच निसरडी होती. पण खाली सपाटीला आल्यावरही तिनं तो थोडा वेळ सोडला नव्हता. तिच्या घरी सगळे लग्न गृहीत धरून होते. गोपाळकृष्णानंही एकदा थट्टेनं त्याला ‘भावोजी’ म्हटलं होतं.

गुरुवारपर्यंतचे तीन-चार दिवस त्यानं शाळेत कसे काढले हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. तो फळ्यावर लिहायचा आणि लिहिता लिहिता थांबायचा. सारखं वाटायचं, की गोपाळकृष्णाला गाठून सांगावं, बाबा रे, तू मला काहीही म्हण, भित्रा म्हण, पण हा शब्द नाही, हा बसत नाही. आणि मग त्याला स्वतःचीच शिसारी यायची. गाडी रुळांवरून पडून माणसं मरणार आहेत आणि हा अर्थ लावत बसलाय. पोलिसांना सांगावं असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. हे नंतर त्यानं पुष्कळदा तपासून पाहिलं, रात्र रात्र उलथून पाहिलं. नव्हतंच आलं. पण गप्प घरी बसणंही जमेना. डोळे मिटले की पॅसेंजरचे डबे दिसायचे, खिडकीतून केळ्याची सालं टाकणाऱ्या बायका, वरच्या फळीवर झोपलेलं कोणीतरी.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तो सरळ रुळांच्या कडेनं चालत सुटला. धुकं इतकं उतरलं होतं की लोहगडाचा डोंगर कधी तिथं होता हेच खोटं वाटावं. वळणाजवळ अंबाजी घोंगडीची खोळ पांघरून बसला होता, शेजारी काठी आणि न पेटवलेला कंदील. हा औंढ्याचा शेतकरी वर्षानुवर्षं त्र्यंबकच्या खोलीवर दूध घालत असे. त्याला पाहून तो उठला.

“मास्तर, तुमी हितं? ह्या वक्ताला?”

“असंच. बसतो थोडा वेळ.”

अंबाजीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. “माजी जोडीची दोगं च्या प्यायला फाटकाकडं गेलीत. तुमी घरला जावा. लय गारठा हाय.”

“अंबाजी, समजा कोणी इथला रूळ काढला, तर तुम्ही काय कराल?”

“काय करनार? आमी शेतातली मानसं. काडंनात का, सायबाचा रूळ हाय, माज्या बापाचा हाय व्हय?” तो थुंकला आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, “पर गाडीत मानसं अस्त्यात. आन आमाला बांदून नेत्याल. भातं पोटरीला आल्यात, आता लोंबी सुटंल, मास्तर. ह्या दिसांत गडी न्हेला तर घर बसलंच.”

त्र्यंबक त्याच्याशेजारी खडीवर बसला. दगडांची थंडी धोतरातून वर चढत होती. धुक्यात आवाज जवळ येतात. त्यामुळं पायांखाली खडी सरकल्याचं त्याला फार आधी ऐकू आलं. आधी हौशीराम दिसला, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मामाला पाहून तो जागीच खिळला. मागून गोपाळकृष्ण आला. त्यानं डोक्याला मुंडासं बांधलं होतं. ते त्याला अजिबात शोभत नव्हतं आणि नाटकातल्यासारखं दिसत होतं, आणि तशा वेळीही त्र्यंबकला त्याच्याबद्दल माया वाटली.

“बाजूला हो,” गोपाळकृष्ण म्हणाला.

“नाही.”

“त्र्यंबक, मी शेवटचं सांगतो. तू कोणाच्या बाजूनं उभा आहेस ते तुला तरी कळतंय का?”

त्र्यंबक रुळांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याला लघवीला लागली होती. “मी इथंच आहे,” एवढंच तो म्हणाला, “काय करायचं ते मला धरून कर.” अंबाजी पुढं झाला नाही, मागंही झाला नाही. हौशीराम एकदा मामाकडे आणि एकदा गोपाळकृष्णाकडे बघत होता. तेवढ्यात रूळ गुणगुणू लागले, आणि अंबाजीनं धावत येऊन त्र्यंबकला दंडाला धरून बाहेर ओढलं. विजेच्या इंजिनाचा पिवळा डोळा धुक्यातून फुटला. ती पॅसेंजरच होती. उजळलेल्या खिडक्या एकामागून एक गोपाळकृष्णाच्या तोंडावरून सरकत गेल्या. एका खिडकीत एक म्हातारा टोपी काढून डोकं खाजवत होता. गाडी गेल्यावर काळोख आधीपेक्षा दाट झाला. पॅसेंजरच आधी आल्याचं काही गोपाळकृष्णाच्या तोंडावर दिसतं का, हे त्र्यंबक बघत होता. पण तिथं फक्त तेच होतं, कोपऱ्यातल्या हसण्यानं त्या दिवशी उमटलेलं. गोपाळकृष्ण वळला आणि धुक्यात गेला. हौशीराम त्याच्यामागं. मालगाडी अंधार पडल्यावर, सावकाश, ओझ्यानं कण्हत गेली.

त्यानंतर त्र्यंबकला कोणी मंडळात बोलावलं नाही. तो शब्द मात्र हिंडत राहिला. सहाजणांच्या खोलीतून तो यार्डात गेला, तिथं लोकांच्या जिभेला झेपेना, म्हणून ‘पर्तीकरांती’ झाला. वाण्याच्या दुकानात त्याचा नुसता ‘प्रती’ उरला. शाळेतली मुलं मागून ‘प्रतिमास्तर’ म्हणू लागली. अर्थ कोणालाच माहीत नव्हता, आणि अर्थ नसलेल्या शब्दात काहीही भरता येतं. ऑक्टोबरात, पितृपक्ष संपता संपता, कामशेतच्या बाजूला तारा तोडायला गेलेले गोपाळकृष्ण, हौशीराम आणि आणखी दोघं पकडले गेले. पोलीस आधीपासून दबा धरून बसले होते. त्या दिवसापासून त्या रिकाम्या शब्दात एक अर्थ पक्का बसला. फितूर. मंडळातला एकटा त्र्यंबकच बाहेर होता, त्याला कोणी हात लावला नव्हता, मग दुसरं कोण? कामशेतचा बेत त्याला कळलासुद्धा नव्हता, पण हे तो कोणाला सांगणार? सांगायला कोणी समोर थांबावं लागतं. शिंप्यानं त्याचा शिवायला टाकलेला सदरा न शिवता परत दिला. शाळेत दुसरे मास्तर डबा खायला दुसऱ्या खोलीत बसू लागले.

रजनी त्याला भेटली ती वलवणच्या धरणाच्या भिंतीजवळ. तीच आली होती. मुलींच्या शाळेत शिकवून परस्पर, हातात अजून खडूची पूड. ती पाण्याकडे पाहत उभी राहिली. वाऱ्यानं तिचा पदर सारखा उडत होता आणि ती तो सारखा खोचत होती.

“तुम्ही सांगितलं नाहीत, मला माहीत आहे,” ती म्हणाली.

त्र्यंबकला एकदम रडू आलं. इतक्या दिवसांत कोणी असं म्हटलं नव्हतं. तो काही बोलणार तोच ती म्हणाली, “माहीत आहे म्हणजे, अंदाज नाही. मी तिथं होते. तळेगावला काकांकडे श्राद्धाचं जेवण होतं. काका सरकारी नोकर, तुम्हाला ठाऊकच आहे. मी वाढत होते. काका म्हणाले, आजकालची पोरं नुसती तोंडानं क्रांती करतात. पंगत हसली. आणि दादा म्हणाला, शनिवारी रात्री कामशेतकडं कान देऊन बसा, काका. मग कळेल.” तिनं आपल्या तळहाताकडे पाहिलं. “माझ्या हातात भाताची मूद होती. मला वाटलं, काका हसण्यावारी नेतील.”

पाण्यावर वाऱ्याच्या बारीक रेषा उठत होत्या. त्र्यंबक म्हणाला, “मग हे सांग ना कोणाला तरी.”

“हौशीराम गेला,” ती म्हणाली. “काल कळलं. तुरुंगात विषमज्वर झाला. दादा त्याच्याजवळ होता.” मग तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “दादाला वाटतंय तुम्ही फितूर झालात. त्या वाटण्यावर तो उभा आहे. त्याला जर कळलं, की त्या पोराला त्यानंच, पंगतीत, कोणी हसलं म्हणून… तो जगायचा नाही. तुम्ही ओळखता त्याला.”

“आणि मी?”

तिनं सुटलेला पदर पुन्हा खोचला. “तुम्हाला सोसता येतं,” ती म्हणाली. “त्याला नाही येत. मी तुमच्यापाशी काही मागायला आले नाही. मागायचा मला काही हक्कच नाही आता.” पण मागायलाच ती आली होती, हे दोघांनाही कळत होतं. तिनं हातावरची खडूची पूड पदराला पुसली आणि ती गेली. तिला हाक मारावी असं त्याला वाटलं, आणि काय म्हणून हाक मारायची तेच आठवेना. पुढच्या वर्षी लग्न होऊन ती मिरजेला गेली. निघण्याआधी रस्त्यात एकदा दिसली तेव्हा तिनं पदर डोक्यावरून घेतला होता, आणि तो तिला परका दिसला की ती त्याला, हे त्याला ठरवता आलं नाही.

हौशीरामच्या घरी जाऊन यावं म्हणून तो एकदा औंढ्याला गेला. गावाच्या अलीकडेच, बांधावर, अंबाजी भेटला. भात कापून पडलं होतं. वाळलेल्या पेंढ्याचा गोडसर वास सगळीकडं होता.

“मास्तर, फुडं येऊ नका,” अंबाजी म्हणाला. “धोंडाबाईला वाटतं, तुमीच केलं. पोराची आई हाय ती. तोंडाला यील ते बोलंल.”

“आणि तुम्हाला काय वाटतं, अंबाजी? तुम्ही तर होतात त्या दिवशी.”

“व्हय, व्हतो.” अंबाजीनं विळा दुसऱ्या हातात घेतला. “तवा तुमी माजी मान वाचीवली. न्हाई कोन म्हनतंय? पर भन माजी हाय. मला काय वाटतं त्यानं काय हुतंय? तिला कुनाला तरी शिव्या द्याव्या लागनार. सरकारला दिऊन तिचं पोट भरंना.” मग तो म्हणाला, “दूद आता आमच्या शेजारचा नथू घालंल तुमाला.” नथू काही आला नाही. त्र्यंबक बिनदुधाचा चहा प्यायला शिकला.

अशी वर्षं गेली. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो शाळेत जायचा, यायचा. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरायची, हिवाळ्यात ती खरवडून काढायची. एकटा माणूस घरात मोठ्यानं बोलू लागतो असं ऐकलं होतं, पण त्याचं उलटंच झालं. खोलीत तो इतका गप्प राहू लागला, की सकाळी वर्गातलं पहिलं वाक्य घोगरं निघायचं. लढाई संपली. मग एकदा, खिडकीत बसून समोरच्या चढावरून जाणारी गुरं पाहताना, त्याच्या मनात आलं, की आपल्याला हवंय तरी काय? गोपाळकृष्णाची ती पत्र्याची खोली, दर आठवड्याची ती गरमागरमी, लाल धुळीनं माखलेले ते घोटे. सगळं होतं तसं परत. त्यासाठी कोणी हत्यार हातात दिलं असतं तर ते आपण घेतलं असतं. गेलेलं सिंहासन परत आणण्यासाठी जो उठतो तो. त्याला वाटलं, शब्द तेव्हा चुकला होता, पण आता बसायला लागलाय. या विचाराचं त्याला भय वाटलं, आणि तो सांगायला पुन्हा कोणी नव्हतं.

शेचाळीसच्या उन्हाळ्यात गोपाळकृष्ण सुटून आला. स्टेशनावर बँड लावला होता. त्र्यंबक खोलीतच बसून राहिला. वाऱ्याबरोबर कर्ण्याचे सूर तुटक तुटक येत होते. त्यानंतर काही दिवसांनी, दुपार कलता कलता, दारात सावली पडली.

तो वाळला होता. पुढचा एक दात नव्हता, आणि त्यामुळं बोलताना त्याचं तोंड म्हाताऱ्यासारखं आत जात होतं. तो आत येऊन खुर्चीवर बसला, परक्या घरात बसतात तसा, कडेवर. त्र्यंबक उभाच राहिला.

“मी पुष्कळ विचार केला आत,” गोपाळकृष्ण म्हणाला. “वेळच वेळ होता. पहिली दोन वर्षं नुसता तुला मनातल्या मनात मारत होतो. हौशीराम माझ्या मांडीवर गेला, त्र्यंबक. पाणी पाणी करत होता. मी त्याला सांगितलं, हे त्र्यंबकनं केलं. त्यानं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, देवाला माहीत.” त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. “पण मग वाटलं, तू काही पैशासाठी केलं नसशील. भीतीनं केलं असशील. गाडीतल्या माणसांचं तुला वाटत होतं, तसं काहीतरी तारांचंही वाटलं असेल. भीती काय, सगळ्यांनाच असते. तेव्हा ते सांगायला आलो. मी तुला माफ केलं.”

खोलीत एक गांधीलमाशी खिडकीच्या काचेवर धडकत होती. त्र्यंबकच्या तोंडात वाक्य तयार होतं. चार वर्षं तयार होतं, घासूनपुसून, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. तळेगावच्या पंगतीत, काकांपुढं, तू. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. त्यानं गोपाळकृष्णाच्या तोंडाकडे पाहिलं, त्या दात गेलेल्या फटीकडे. ही फट जर आता उघडली तर पुन्हा मिटणार नाही.

“बरं,” तो म्हणाला.

आणि मग जे झालं त्याची त्याला पुढं फार लाज वाटली. त्याला आनंद झाला. खरोखरचा, पोरासारखा. चार वर्षांत त्याच्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. तो भडाभडा बोलू लागला. शाळेचं, पावसाचं, तुंगार्लीच्या रस्त्याला नवे बंगले झाले त्याचं. गोपाळकृष्ण ऐकत होता, अधूनमधून हसतही होता. “चल,” तो उठत म्हणाला, “बाजारापर्यंत ये माझ्याबरोबर. लोकांनीही पाहू दे.” दोघं बाहेर पडले. बाजार लागताच गोपाळकृष्णानं सगळ्यांना दिसेल असा हात त्याच्या खांद्यावर टाकला. शिंपी मशीनवरून उठून उभा राहिला आणि त्यानं नमस्कार केला, पहिल्यांदा गोपाळकृष्णाला आणि मग, जरा घुटमळून, त्र्यंबकलाही. वाण्यानं विचारलं, “काय मास्तर, बरं आहे ना?” खांद्यावरच्या हाताचं वजन, त्याची ऊब, त्र्यंबकला सदऱ्यातून कळत होती. बाजार लवकर संपू नये म्हणून तो लहान लहान पावलं टाकू लागला.

धोंडाबाई भाजीच्या ओळीच्या शेवटी बसली होती. पुढ्यात गोणपाटावर करवंदांची डाली. तिनं आधी गोपाळकृष्णाला पाहिलं आणि तिचा चेहरा हलला. मग तिनं त्याचा हात कोणाच्या खांद्यावर आहे ते पाहिलं.

“ह्याच्यासंगट हिंडतूस व्हय रं?” ती म्हणाली.

“मी त्याला माफ केलं, मावशी.”

“तू केलंस. तुजं तू केलंस. माजं मला बगू दे.” तिनं त्र्यंबककडे वर पाहिलं. शिवी येईल असं त्याला वाटलं, पण तिच्या डोळ्यांत शिव्याही संपलेल्या होत्या. “मास्तर, तुमी फुडं व्हा,” ती म्हणाली.

खांद्यावरचा हात निघाला. गोपाळकृष्ण तिच्यापुढं धुळीतच उकिडवा बसला, आणि बसता बसता त्याचा सगळा ताठा गेला. तो तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागला, भर बाजारात, आवाज करून. “त्यानं शेवटी तुझीच आठवण काढली गं मावशी,” तो म्हणत होता. धोंडाबाईचा हात त्याच्या केसांवरून फिरत होता. हाताला करवंदांचा चीक लागून बोटं काळी झाली होती. “उगी,” ती म्हणत होती, “उगी माज्या लेकरा. तू व्हतास त्याच्यापाशी, लय झालं. माजं पोरगं एकटं न्हाई गेलं.”

त्र्यंबक तो फिरणारा हात बघत उभा राहिला. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य म्हटलं की हा हात थांबणार होता, आणि मग त्या बाईजवळ काय उरणार होतं, आणि त्या माणसाजवळ? रजनीचं म्हणणं त्या वेळी त्याच्या मनातही आलं नाही. कोणी काही मागितलं नव्हतं. त्यानं ते वाक्य गिळलं. ते गळ्यातून खाली जाताना त्याला स्पष्ट जाणवलं, कोरड्या भाकरीच्या घासासारखं.

मग तिनं सांगितलं होतं तसा तो पुढं झाला. बाजार मागं पडला, चढ लागला. दोन्ही कडेला धुळीनं करडी झालेली घाणेरीची झुडपं होती. समोरून शाळेतली काही मुलं येत होती. त्याला पाहून ती थबकली आणि एकमेकांना कोपरखळ्या मारू लागली. ती काय म्हणतील ते त्याला ठाऊक होतं. तो त्यांच्यामधून, डोकं वर ठेवून, घराकडं चालत गेला.